मागच्या दारानं

या प्रवासात तुम्हाला कुणी अहो-जाहो करणार नाही, म्हणून मीही करत नाही. तू बाई आहेस. वय तिशीच्या आसपास. अंगात धुऊन धुऊन विटलेला सलवार-कमीज, पायात रबरी चप्पल, ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधलेली किल्ली. तारीख 13 जुलै 2017, गुरुवार, पहाटेचे साडेपाच. जागा गाझियाबादमधलं कनावनी. इंदिरापुरमच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी उरलेलं हे जुनं गाव, आणि गावाच्या कडेला पत्रे, बांबू, फ्लेक्सचं कापड यांची वस्ती. रात्री पाऊस झालाय. झोपडीच्या दारात घोटाभर पाणी आहे. चप्पल हातात धरून तू त्यातून वाट काढतेस आणि रस्त्याला लागल्यावर पाय झटकून ती घालतेस.

तुझं गाव कूचबिहार जिल्ह्यात, बांगलादेशच्या सीमेजवळ. त्या सीमेबद्दल आधी सांगायला हवं, कारण आज दिवसभर तुला तिच्यावरूनच टोचणार आहेत. फाळणीनंतर तिथं भारताच्या पोटात पलीकडच्या देशाचे जमिनीचे तुकडे राहिले आणि त्या देशाच्या पोटात भारताचे. छिटमहल म्हणतात त्यांना. 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री दोन्ही देशांनी अदलाबदल केली: इकडचे 51 तुकडे भारताला मिळाले, तिकडचे 111 बांगलादेशला. दोन सरकारांना तो गुंता सोडवायला अडुसष्ट वर्षं लागली. तुझं गाव छिटमहलातलं नाही, तुझे आजोबा-पणजोबा त्याच मातीत पुरलेत. पण तुझ्या हिंदीला बंगाली हेल आहे, रंग सावळा आहे, गालाची हाडं वर आलेली आहेत. कोण कुठलं, हे इथले लोक एवढ्यावरून ठरवतात.

नावाचंही सांगून टाकते. वस्तीत तुला एक नाव आहे, वरच्या मजल्यांवर दुसरं. कामाला निघताना तू कपाळाला टिकली लावतेस आणि हातात लाल-पांढऱ्या बांगड्या चढवतेस. दिल्लीच्या आसपासच्या वस्त्यांतल्या कितीतरी मुसलमान बायका हे करतात. देवघरासमोरची फरशी पुसायची तर नाव तसंच असावं लागतं. पहिल्या महिन्यात कुणी हाक मारली की तुझ्या लक्षातच यायचं नाही. आता वळून बघतेस.

रस्ता ओलांडून तू न्यायखंडात शिरतेस. इंदिरापुरमच्या भागांना अशीच नावं आहेत: न्यायखंड, नीतिखंड, अहिंसाखंड, ज्ञानखंड. सोसायटीच्या गेटवर आज रांग आहे. रोज नसते. पुढच्या बायका दबक्या आवाजात बोलतायत.

काल सकाळी नोएडात, सेक्टर 78 मधल्या महागुण मॉडर्न या सोसायटीवर शेजारच्या वस्तीनं दगडफेक केली. तिथं काम करणारी, तुझ्याच जिल्ह्यातली एक बाई आदल्या संध्याकाळी घरी परतली नव्हती. तिला कोंडून ठेवलं होतं, मारलं होतं, असं तिच्या घरच्यांचं म्हणणं. तिनं पैसे चोरले, असं मालकांचं. खरंखोटं ठरवायला पोलीस आहेत, कोर्ट आहे. पण रात्रीत मोबाइलवर जे फिरलं त्यात खऱ्याखोट्याचा प्रश्नच नव्हता. एकच शब्द होता, बांगलादेशी. पुढच्या काही दिवसांत वस्तीतल्या तेरा जणांना अटक होईल, सोसायटीसमोरची त्यांची दुकानं पाडली जातील, खासदार रहिवाशांच्या बाजूनं उभे राहतील. आज तुला यातलं काही माहीत नाही. गेटवरचा पोरगा नेहमीसारखा हसत नाहीये, एवढंच दिसतंय.

"आधार दिखा."

तू प्लास्टिकच्या पिशवीतून कार्ड काढतेस. त्यावर तुझं खरं नाव आहे. तो वाचतो, तुझ्या टिकलीकडे बघतो, परत कार्डाकडे बघतो. हा पोरगा बलियाचा आहे, तोही पत्र्याच्या खोलीतच राहतो, हे तुला माहीत आहे. तो काही बोलत नाही. कार्डाचा फोटो काढून ठेवतो आणि मान हलवतो. आजपुरतं झालं. पण तो फोटो आता सोसायटीच्या ऑफिसात जाणार. दिवसभर पोछा पिळताना तुला तो आठवत राहील.

आत लॉबीत तीन लिफ्ट आहेत. दोन आरशांच्या. तिसरी कोपऱ्यात, भिंतींना प्लायवूड ठोकलेली. 'मेड, ड्रायव्हर और डिलीवरी वाले कृपया सर्विस लिफ्ट का ही प्रयोग करें.' या लिफ्टमधून कचऱ्याचे डबे जातात, सिमेंटची पोती जातात, जुने सोफे जातात, आणि तू. ती येईपर्यंत पंधरा बायका जमतात. आरशांच्या दोन्ही लिफ्ट तळमजल्यावर दारं उघडी टाकून रिकाम्या उभ्या आहेत. पहिल्या घरी पोचायला सात मिनिटं उशीर होतो आणि त्याबद्दलचं बोलणं तुलाच ऐकावं लागतं.

जरा या इमारतीचा नकाशा बघ. तुला तो कुणी दाखवणार नाही, पण विक्रीच्या माहितीपत्रकात छापलेला असतो: तीन बेडरूम, हॉल, किचन, अधिक 'सर्व्हंट'. नोकराच्या खोलीत एक खाट कशीबशी मावते. तिला बऱ्याचदा बाहेरच्या बाजूनं, सर्व्हिस लिफ्टजवळ, वेगळं दार असतं; म्हणजे तिथं राहणाऱ्या मुलीला मालकांच्या हॉलमधून ये-जा करावी लागत नाही. कुणीतरी शिकलेल्या माणसानं टेबलाशी बसून, पट्टी लावून ही रेघ ओढली. नगर विकास प्राधिकरणानं शिक्का मारला. बँकेनं त्या रेघेवर कर्ज दिलं. लोक म्हणतात, भेदभाव मनात असतो, हळूहळू जाईल. मला हे पटत नाही. तो विटांमध्ये बांधलेला आहे, त्याचा दर चौरस फुटाचा भाव ठरलेला आहे.

तिसरं घर नवव्या मजल्यावर. हे मराठी कुटुंब आहे, नाशिककडचं, नोकरीच्या बदलीनं आलेलं. त्या बाईंनी तुला पहिल्याच दिवशी सांगितलं, "मुझे आंटी मत बोलो, काकू बोलो." तेव्हापासून त्या काकू. चांगल्या आहेत. पगार एक तारखेला देतात, आवाज चढवत नाहीत, तुझ्या मुलाच्या शाळेची चौकशी करतात. दोन वर्षांत तुला थोडं मराठी कळायला लागलंय, हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही. तू भांड्यांना लागलीस तेव्हा त्या फोनवर बोलतायत:

"नाही गं, आमची बाई बंगालची आहे, तसली नाही. पण आता काय भरवसा? ह्यांनी परवाच सांगितलं, कपाटाला कुलूप ठेवत जा म्हणून."

फोन ठेवून त्या चहा करतात. दोघींचा एकाच पातेल्यात. आलं किसून, वेलदोडा घालून. मग स्वतःचा कपात ओततात आणि तुझा स्टीलच्या पेल्यात. तो पेला ओट्याच्या वरच्या फडताळात नसतो. तो धुण्याच्या बाल्कनीत, ग्रिलच्या आडव्या गजाला पालथा अडकवलेला असतो. त्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे, चुकून दुसऱ्या भांड्यांत मिसळू नये म्हणून. घरातली सगळी भांडी तू घासतेस, तो कपसुद्धा. कपाला तुझे हात चालतात, तुझे ओठ चालत नाहीत. चहा पिऊन झाल्यावर तू पेला विसळतेस आणि परत गजाला लावतेस. काकू मायेनं विचारतात, "बिस्किट घेतलंस का?" तू मान डोलावतेस. त्यांच्या मनात वाईट काही नाही, हे तुला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच या पेल्याबद्दल कुणाकडे तक्रार करायची ते कळत नाही.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक मुलगी राहते. झारखंडची, सिमडेगा जिल्ह्यातली, मुंडा आदिवासी. प्लेसमेंट एजन्सीच्या माणसानं आणून सोडलेली. पगार एजन्सीकडे जातो, फोन बाईंकडे असतो. बाल्कनीत कपडे वाळत घालताना तुम्ही दोघी खुणांनी बोलता. तिला घरात काळी म्हणतात, जंगली म्हणतात, नाक आणि केस यांवरून हसतात. पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवतात. तुला निदान संध्याकाळी वस्तीत परत जाता येतं. ती कुठं जाणार?

आणि हे फक्त गाझियाबादच्या नवश्रीमंतांचं आहे असंही नाही. अठरा दिवसांपूर्वी, 25 जूनला, दिल्ली गोल्फ क्लबमध्ये मेघालयातल्या एका खासी बाईंना जेवणाच्या टेबलावरून उठायला सांगितलं गेलं. त्या एका पाहुण्यांच्या मुलाला सांभाळायच्या आणि निमंत्रित म्हणून आल्या होत्या. अंगात जैनसेम होता, खासी स्त्रियांचा पारंपरिक पोशाख. तो मोलकरणीच्या गणवेशासारखा दिसतो, त्या नेपाळी दिसतात, असं त्यांना ऐकवण्यात आलं. या बाईंनी लंडन पाहिलेलं होतं, अमिराती पाहिलेल्या होत्या. असं वागणं आपल्याच देशाच्या राजधानीत वाट्याला आलं.

दुपारचे बारा. आता तुला लघवीला जायचंय. खरं तर नऊपासून जायचंय. पाच घरं, प्रत्येक घरात दोन किंवा तीन बाथरूम, आणि त्या सगळ्या तू रोज ब्रशनं घासतेस. एकीतही तू बसू शकत नाहीस. तसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. एकदा, अगदी सुरुवातीला, तू चौथ्या घरी विचारलं होतंस. त्या बाईंनी क्षणभर तुझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नीचे है ना, बेसमेंट में." बेसमेंटमधला संडास गार्ड आणि ड्रायव्हर वापरतात, कडी तुटलेली आहे. म्हणून तू सकाळपासून पाणी पीत नाहीस. जुलैतल्या उकाड्यात, सहा तास. काकूंकडचा अर्धा पेला चहा, बस. मूत्रमार्गाला जळजळ होते ती आता नेहमीचीच झालीय. वस्तीतल्या डॉक्टरनं सांगितलं, पाणी जास्त पीत जा.

जाताना गेटवर पिशवी तपासतात. काकूंनी दिलेल्या जुन्या कुर्त्यासाठी त्यांच्या सहीची चिठ्ठी आहे. चिठ्ठी नसेल तर कुर्ता चोरीचा. त्याच वेळी आत येणाऱ्या गाड्यांसाठी अडसर आपोआप वर जातो.

पण आज तू गेटपर्यंत जाऊ नकोस. सर्व्हिस लिफ्टमध्ये परत चढ. सगळ्यांत खालचं बटण दाब. बेसमेंट आलं तरी उतरू नकोस, लिफ्ट अजून खाली जाते.

1958. थंडीचे दिवस, पहाट. गाझियाबाद आता मेरठ जिल्ह्यातला एक तालुका आहे. स्वतंत्र जिल्हा व्हायला 1976 उजाडेल. 1740 मध्ये वजीर गाझीउद्दीननं वसवलेल्या या गावाला चार दरवाजे आहेत. दिल्ली गेट, सिहानी गेट, शाही गेट आणि डासना गेट. डासना गेटच्या आतल्या गल्लीच्या मागं आणखी एक गल्ली आहे, इतकी अरुंद की दोन्ही भिंतींना खांदे घासतात. तू तिथं उभी आहेस. वाल्मीकि वस्तीत लग्न होऊन आलीस त्याला आठवडा झालाय. चेहऱ्यावर पदर पुढं ओढलेला, डोक्यावर वेताची टोपली, हातात पत्र्याचा तुकडा आणि राखेचं गाडगं. पुढं सासू चालतेय. ती तुला 'ठिकाणं' दाखवायला घेऊन आलीय. ही घरं तुमची आहेत, म्हणजे त्या घरांची घाण काढायचा हक्क तुमचा. असा हक्क गहाण टाकता येतो, विकता येतो, लेकीला हुंड्यातही देता येतो.

मागच्या भिंतीत, जमिनीलगत, हातभर रुंदीचं लाकडी झाकण आहे. घराचं हेही एक दारच. सासू ते उचलते, राख टाकते, पत्र्यानं खरवडते, टोपलीत घेते. तुझ्याकडे वळून म्हणते, "श्वास तोंडानं घे. आणि पावसाळ्यात डोक्यावर जाड फडकं ठेव, टोपली गळते." बास, एवढंच शिक्षण. तुला तिथंच ओकारी येते. सासू पाठीवरून हात फिरवते. तिलाही पहिल्या आठवड्यात झाली होती. घरी गेल्यावर तुला कित्येक दिवस पिवळी डाळ खाववणार नाही.

दहा-बारा घरं झाली की पुढच्या गल्लीतून भाकरी गोळा करायची. पुढच्या गल्लीत यायचं, पण उंबऱ्यापासून लांब राहायचं. हाक द्यायची आणि पदर पसरायचा. पोळी वरून पडते, हाताला हात लागू नये इतक्या उंचीवरून. कालची, कधी परवाची. महिन्याचे आणे पायरीवर ठेवले जातात. तुझ्याकडून सुटे परत घ्यायचे असतील तर आधी नाण्यावर पाणी शिंपडतात. घरातली एक तुझ्याच वयाची सून खिडकीतून तुझ्याकडे बघते. दोघींच्याही चेहऱ्यावर पदर आहे.

लक्षात ठेव, हे 1958 आहे. राज्यघटनेच्या 17 व्या कलमानं अस्पृश्यता रद्द होऊन आठ वर्षं झालीत. 1955 मध्ये अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा झालाय. मुंबई सरकारनं 1949 मध्ये नेमलेल्या बर्वे समितीनं सफाई कामगारांच्या हालांवर अहवाल दिलाय आणि आता दिल्लीनं नेमलेली मलकानी समिती देशभर तेच विचारते आहे. अहवाल येतील, चांगले येतील. भिंतीतलं झाकण तसंच राहील.

मराठी वाचकाला हे उत्तरेकडचं वाटून सुस्कारा टाकता येईल, म्हणून सांगते: मुंबईत गिरगावपासून दादरपर्यंत जुन्या इमारतींच्या पाठीला लोखंडी गोल जिने चिकटलेले आहेत. ते आगीसाठी होते असं आता नव्या पिढीला वाटतं. ते सफाई करणाऱ्यांसाठी होते, त्यांनी मागून संडासात यावं आणि मागूनच उतरावं म्हणून. देखण्या इमारतींचे फोटो पुढून काढतात, त्यात हे जिने येत नाहीत.

लिफ्ट वर निघालीय. वाटेतले सगळे मजले बघायला वेळ नाही. 1955 चा डिसेंबर आपण उतरलो त्याच्याही खाली राहिला, तो दारातून दिसेल तेवढा बघ: अमेरिकेतलं माँटगोमेरी शहर. बसमध्ये गोऱ्यांसाठी पुढच्या जागा, काळ्यांसाठी मागच्या. त्या बसनं रोज जाणाऱ्यांत गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक आणि धुणीभांडी करणाऱ्या बायका मोठ्या संख्येनं होत्या. त्यांनी 381 दिवस बस सोडली आणि पायी गेल्या. जॉर्जिया गिल्मोर नावाच्या स्वयंपाकीणबाईंनी मैत्रिणींना जमवून जेवण आणि केक विकले आणि आंदोलनाला पैसे पुरवले. कुणी काय केलं हे कुणाला कळू नये, कळलं तर नोकरी जाईल, म्हणून त्यांनी आपल्या गटाला 'कुठूनच न आलेला क्लब' अशा अर्थाचं नाव दिलं. नाव लपवून काम करणं काय असतं, हे तुला सांगायला नको.

2001 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे, तिची चर्चा इथं नको, अशी भूमिका भारत सरकारनं घेतली. दलित संघटनांनी तिथं जाऊन ती चर्चा केलीच. शास्त्र म्हणून जात आणि वंश वेगळे आहेत, खुद्द बाबासाहेबांनीही जातीला वंशाचा आधार नाही असंच मांडलं होतं. पण नवव्या मजल्याच्या बाल्कनीत हा फरक कुणाच्या उपयोगाचा? समोरच्या मुंडा मुलीला नाकावरून, तुला बोलीवरून आणि नावावरून, 1958 मधल्या सुनेला जन्मावरून वेगळं काढलं. तिघींनाही दाखवलेलं दार मागचंच होतं.

1980 ला मात्र उतर. पुणे. सकाळची वेळ, आणि घराघरांत मोरीत भांडी तशीच पडलीत. मोलकरणी आलेल्या नाहीत. त्या रस्त्यावर आहेत, नऊवारीचे ओचे खोचून, घोळक्याघोळक्यानं. कुणी पक्षानं आधी बोलावलेल्या नाहीत. स्वतःच कामं थांबवलीत. पगार वाढवा, आजारपणात खाडा धरू नका, हक्काची सुट्टी द्या. यातूनच पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. 2008 मध्ये महाराष्ट्रानं घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, त्याच्या मुळाशी या आणि अशा संघटनांची कित्येक वर्षांची धडपड आहे. तू त्या गर्दीत उभी राहा. भाषा थोडी कळते तुला. एक बाई दुसरीला सांगतेय, "भीक मागत नाही आपण, केल्या कामाचं मागतोय." मोठ्यानं, भर रस्त्यात, मालकिणी खिडक्यांतून बघत असताना. तू अशा आवाजात आजवर बोललेली नाहीस.

पुढचे मजले भराभर जातात. 1993, मैला वाहून न्यायला बंदी घालणारा पहिला कायदा. 2011, जनगणना सांगते की देशात 7 लाख 94 हजार संडास अजून माणसाच्या हातानं साफ होतात, त्यातले सव्वातीन लाखांहून जास्त एकट्या उत्तर प्रदेशात. 2013, दुसरा, कडक कायदा. 22 ऑगस्ट 2019, गाझियाबादचाच नंदग्राम भाग, जुन्या सिहानी गेटच्या बाजूला: सांडपाण्याच्या वाहिनीत एकामागून एक उतरलेले पाच मजूर गुदमरून गेले.

28 मार्च 2020. गाझियाबादमधल्या कौशांबीचा बस डेपो आणि पलीकडचं दिल्लीतलं आनंद विहार. चार दिवसांपूर्वी रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि करोनामुळे मध्यरात्रीपासून देश बंद झाला. आता मुंगीला वाट नाही अशी गर्दी आहे आणि त्यात तूही आहेस, मुलगा हाताशी, पिशवी डोक्यावर. सोसायटीनं गेटवर कागद लावला: मेड बंद. रोग विमानानं आला होता, पण तो कुणाच्या अंगावरून घरात येईल याबद्दल कुणाला शंका नव्हती. एक-दोन दिवसांतच बरेलीत परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारलं गेलं. काकूंनी एका महिन्याचा पगार पाठवला. तुझ्या पाच घरांपैकी फक्त त्यांनीच. हेही इथं नोंदवायला हवं. तुला परत कामावर घेतलं तेव्हा दारातच चपला, ओढणी, हात, सगळ्यावर फवारा मारला. आणि पेला ग्रिलला होता तिथंच होता.

2025. 29 जानेवारीला सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला सांगितलं, घरकाम करणाऱ्यांसाठी कायदा करता येईल का ते समिती नेमून बघा. जुलैत गुरुग्राममध्ये बंगाली बोलणाऱ्यांना उचलून कागद तपासायला नेलं, तेव्हा तिथल्या वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या झाल्या. दिल्लीच्या वेशीवर कचरा उचलणारे, भांडी घासणारे रातोरात गावाकडं पळाले. तू पळाली नाहीस. मुलगा नववीत आहे. डिसेंबरात कौशांबी पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या एका वस्तीत पोलीस आले. एका माणसाच्या पाठीला मोबाइल लावून एक अधिकारी म्हणाला की मशीन हा बांगलादेशचा असल्याचं दाखवतंय. तो माणूस बिहारमधल्या अररियाचा होता. कागद त्याच्या घरच्यांच्या हातात होते. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला, लोकांनी संताप व्यक्त केला, काही जण हसले. तू तो वस्तीत बसून पाहिलास. पाठीला फोन टेकला की कसं वाटत असेल, याचा विचार तू दोन रात्री करत होतीस. असं मशीन जगात नाही हे तुलाही कळतं. पण फोन लावणाऱ्याला ते खरं असण्याची गरज नव्हती, आणि भीती तिथं आहे.

जानेवारी 2026. धुकं, साडेनऊ. गेटवर आता कागदी वही नाही, मोबाइल अ‍ॅप आहे. तुझा सहा आकडी कोड, तुझा फोटो, कोणत्या घरी किती मिनिटं होतीस त्याची नोंद. नववा मजला. काकूंचे केस पांढरे झालेत, गुडघे दुखतात, मुलगा कॅनडात आहे. व्हिडिओ त्यांनीही पाहिलाय. पोळ्या लाटता लाटता त्या म्हणतात, "तुझे कुछ तकलीफ तो नहीं है ना उधर? अपना कागज सब ठीक है ना?"

"कागद आठ वर्षांपूर्वीच गेटवर दिलाय, काकू," तू म्हणतेस. मराठीत. त्या लाटणं थांबवून बघतात.

मग तू हात पुसतेस. सकाळपासून दोन ग्लास पाणी पिऊन आलीयेस, ठरवून.

"बाथरूमला जाऊन येते."

"हो... म्हणजे, खाली बेसमेंटला..."

"खाली नाही जात. कडी तुटलीय तिथली. हीच वापरते, मीच घासते ना रोज."

काकूंच्या हातातलं पीठ सांडतं. त्या काहीतरी बोलायला लागतात, ह्यांची आंघोळ व्हायचीय, देवाचं व्हायचंय. तू त्यांच्या शेजारून जातेस, हॉलमधून, पाहुण्यांच्या सोफ्याच्या बाजूनं. बाथरूमचा दिवा लावतेस, आत शिरून दार ओढून घेतेस आणि कडी लावतेस. बाहेर त्यांची पावलं दारापर्यंत येऊन थांबतात. "अगं," त्या म्हणतात. तुझं होईपर्यंत त्यांना थांबावं लागेल.